आईच्या गाण्याचे आठ सेकंद

मी कधीकाळी रॅप करायचे हे आमच्या लॅबमध्ये कुणालाही माहीत नाही. घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सकाळी सातपासून लोकांचं रक्त काढते. सुईला घाबरणारा पेशंट आला की मी काहीबाही बोलत राहते, त्याचं लक्ष तिकडे जातं आणि तेवढ्यात शीर सापडते. "मॅडम, तुम्ही बोलता मस्त," असं लोक म्हणतात. मी हसते. रॅपचं नाव काढायची सोयच राहिलेली नाही. काढलं की समोरचा माणूस दोन बोटं वाकडी करून हवेत नाचवतो आणि म्हणतो, "मग एक होऊन जाऊ दे!" जणू काही मी ढेकर द्यायची आहे.

आम्ही चौघं होतो. तीन मुलगे आणि मी, सगळे विक्रोळीचे, सगळे मुलुंडच्या एकाच कॉलेजात. एकाच्या मोबाइलवर कुणीतरी ब्लूटूथने अमेरिकन गाणी टाकली होती, तेवढ्यावर आम्ही हिप-हॉपवाले झालो. जिथून हे सगळं निघालं ते ब्रॉंक्स नकाशावर दाखव म्हटलं असतं तर आमच्यातल्या एकाने बोट ऑस्ट्रेलियावर ठेवलं असतं. पण बोलायचो असे की तिथेच आम्हाला दात आले. मे महिन्यात लोकरी टोप्या. थोरल्या भावांच्या ढगळ पॅन्टा. बंदुकांवर गाणी. आमच्या चौघांच्या घरातलं सगळ्यात धोकादायक हत्यार विळी होतं, पण गाण्यात आम्ही रोज दोन-तीन माणसं मारायचो, तेही इंग्रजीत, तेही व्याकरण चुकवून.

माझं इंग्रजी लवकर संपलं. यमकाला शब्द मिळेनात, म्हणून मी मराठीकडे वळले. त्यात अस्मिता-बिस्मिता काही नव्हती. पहिलं मराठी गाणं लिहिलं ते आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाच्या रांगेवर. कोण मध्ये घुसतं, कोण डबा ठेवून नंबर लावून जातं, कोण आत गेला की पेपर वाचूनच बाहेर येतो. घरात म्हणून बघत होते तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "हे गाणं न्हाई, भांडण हाय."

मी वही मिटली.

"भांडण चांगलं हाय," ती म्हणाली. "पर तिसऱ्या ओळीत मात्रा सांडतीय. तेवढी उचल."

आईला हे कळायचं, कारण ती स्वतः गायची. साताऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन विक्रोळीत आली, दिवसा गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग, आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत वस्तीच्या कलापथकात गाणं. एक ढोलकी, एक पेटी, मागे चार बायका. कधी स्टेज, कधी ट्रकचा मागचा भाग. गाणी काही ठिकठिकाणी ऐकलेली, काही तिची स्वतःची. लिहून ठेवायची नाही. "इसरलं तर ते गाणं नव्हतंच," असं तिचं म्हणणं होतं. मला तेव्हा तिच्या गाण्याची लाज वाटायची. पांढरी साडी, कर्कश भोंगे, आणि गाता गाता एक हात कानावर. माझं हिप-हॉप जागतिक होतं ना! तिचं आपलं वस्तीतलं. एवढी अक्कल होती मला.

अंधेरीच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. मी संडासाच्या रांगेचं गाणं घेऊन गेले. तिसऱ्या ओळीतली मात्रा उचलून. लोक हसले, मग ओरडले, शेवटच्या कडव्याला पुढच्या दोन रांगा माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. परीक्षक एकच होता. आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, डोक्यावर कडक पुठ्ठ्याची टोपी, तिच्यावरचं चकचकीत स्टिकरही न काढलेलं. तेव्हा ती फॅशन होती म्हणे. दुकानातून वस्तू आणून तिचं लेबल मिरवायचं. तो म्हणाला, "एनर्जी आहे यार, पण मराठीत तो फ्लो येत नाही ना. भजन वाटतं. हिंदी ट्राय कर. किंवा सरळ इंग्लिश."

मी मान डोलावली आणि खाली उतरले.

या गोष्टीचा मला आजही राग येतो आणि तो त्याच्यावर कमी, माझ्यावर जास्त. ज्या बाईने भाकरी थापता थापता माझी चुकलेली मात्रा पकडली तिच्यावर मी विश्वास ठेवला नाही, आणि एका स्टिकरवर ठेवला. पुढे वर्षभर हिंदीत काहीतरी खरडलं, ते मलाच ऐकवेना, मग सोडून दिलं. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केला, नोकरी लागली. बाकीचे तिघे माझ्याआधीच गळाले होते. एक आखातात गेला, एक बोरिवलीला फ्लॅट विकतो, आणि तिसऱ्याची शेवटची हिप-हॉप पार्टी म्हणजे त्याची स्वतःची वरात.

मग काही वर्षांनी मुंबईला अचानक शोध लागला की हिप-हॉप गल्लीत असतं. सिनेमावाल्यांना लागला, मग चॅनलवाल्यांना, मग ज्याला काही विकायचंय त्या प्रत्येकाला. टूथपेस्टचा रॅप आला, बँकेचा आला, ओल्या-सुक्या कचऱ्याचा आला. आमच्या वॉर्डात एका उमेदवाराचा आला. मी अख्ख्या आयुष्यात त्या माणसाला सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तो टेम्पोवरच्या भोंग्यातून यमकं जुळवत होता. मराठीत. फ्लो बरा होता.

गेल्या वर्षी मला एका मुलीचा फोन आला. मरोळला एक मोठा इव्हेंट आहे, न्यूयॉर्क ते मुंबई असा हिप-हॉपचा सगळा प्रवास दाखवणार आहेत, आणि त्यात जुन्या कलाकारांचा सत्कार आहे. कुणीतरी माझं नाव दिलं होतं. "मॅम, तुम्ही सबर्ब्सच्या फीमेल पायोनिअर आहात," ती म्हणाली. मी आयुष्यात एकूण पाच वेळा स्टेजवर गेले होते. पण पायोनिअर म्हटलं की माणूस विरघळतो. मी लगेच हो म्हटलं आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "सत्कार हाय तर मी येनार." पांढरी साडी काढली, स्वतः इस्त्री केली.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तो कार्यक्रम होता. सगळीकडे एका थंड पेयाच्या कंपनीची झाकणं, बाटल्या आणि फलक. दारात एका मुलाने टॅब पुढे केला. "मॅम, इथे साइन. आँटी, तुम्ही पण." आम्हाला वाटलं हजेरी. आईने सावकाश, जोडाक्षर न चुकवता मराठीत सही केली. मी बोटाने गिरगोटा काढला. खाली काय लिहिलंय ते दोघींनी वाचलं नाही. मी रोज पेशंटना सांगते, सही करण्याआधी फॉर्म वाचा.

आत चाळ उभी केली होती. प्लायवूडची. मुद्दाम पोपडे उडालेला रंग, दोन खिडक्या, एक जिना जो कुठेच जात नव्हता. दोरीवर कपडे वाळत घातलेले, इस्त्री केलेले. खाली निळे ड्रम. पोरं त्या ड्रमांना टेकून फोटो काढत होती. आई एका ड्रमपाशी गेली, बोटाने टक् टक् वाजवला.

"नळ कुठाय?" तिने विचारलं.

"नाहीये. शोसाठी आहे हे."

"मग भरनार कशानं?" असं म्हणून तिने ड्रमाच्या आत वाकून पाहिलं. आत रिकाम्या बाटल्या होत्या.

मग भाषण सुरू झालं. मागे पडद्यावर चित्रं, पुढे सूत्रसंचालक. मी त्याला आवाजावरून ओळखलं. अंधेरीचा परीक्षक. केस विरळ झालेले, टोपी नवी, मऊ कापडाची. आता तो "कल्चर" सांगणारा माणूस झाला होता. त्याने मला ओळखलं नाही.

भाषण मात्र वाईट नव्हतं, हे कबूल करायला हवं. आई एकेक वाक्याला मला कोपर मारून विचारत होती, आणि मी तिच्या कानात सांगत होते. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉंक्स म्हणून भाग, काळ्या आणि बाहेरून आलेल्या लोकांचा. घरं पडकी, जळालेली, सरकारने सोडून दिलेली. तिथे पोरं इमारतीच्या हॉलमध्ये पार्ट्या करायची. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, त्यातला नाचायला जोरदार असा तुकडा संपत आला की दुसऱ्या तबकडीवर तोच लावायचा, परत पहिलीवर. तो तुकडा संपतच नाही. आणि वर एक जण माईक घेऊन बोलतो, लोकांना उठवतो. त्या बोलण्याचंच पुढे रॅप झालं.

आईचे डोळे बारीक झाले. "म्हंजे ढोलकीवाला ठेका धरून ऱ्हातो आन् शाहीर सवाल टाकतो, तसं."

"तसंच नाही," मी म्हटलं. "पण कळलं तुला."

इथे एक सांगते. वस्तीसमोरच्या ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही आता राहतो तिथे एक काका आहेत, ते म्हणतात, रॅप काय, आपल्याकडे शेकडो वर्षं होता. नव्हता. जे ब्रॉंक्सच्या पोरांनी केलं ते त्यांनीच केलं. आमच्या आयांनी जे केलं तेही त्यांनीच केलं, आणि ते करत होत्या तेव्हा हेच काका खिडक्या लावून घ्यायचे, आवाजाचा त्रास होतो म्हणून.

तर पडद्यावर आता मुंबई आली होती. झोपडपट्टीचं वरून काढलेलं चित्र, ते नेहमीचं. सूत्रसंचालक आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मग हिप-हॉप आपल्या गल्ल्यांमध्ये आलं. ज्यांना आवाज नव्हता, त्यांना आवाज मिळाला."

आई मोठ्याने म्हणाली, "कुनाला नव्हता?"

शेडमध्ये हशा झाला. तिला हसायचं कारण कळेना. तिने खरंच विचारलं होतं. तिच्या माहितीत, विक्रोळीत ज्याला आवाज नव्हता असा एकही माणूस नव्हता. ऐकणारे नव्हते, ती गोष्ट वेगळी.

सूत्रसंचालक मुरलेला होता. त्याने लगेच हात पुढे केला. "आँटी! या ना स्टेजवर! गाता का तुम्ही?"

"गाते की."

ती गेली. माझा सत्कार व्हायचा होता, तो राहिलाच. डीजेने ठेका लावला, आईने त्याच्याकडे वळून सांगितलं, "जरा दमानं रे बाळा, मला पळायचं न्हाई." त्याने कमी केला. तिने एक हात कानावर ठेवला आणि स्वतःचं तळ्याचं गाणं काढलं.

म्हशीनं ढवळलं तुझं पाणी,
कुत्र्यानं चाटलं तुझं पाणी,
माझी ओंजळ पाहून तळ्या
तुला रं कशी फुटली वाणी?

सहा कडवी. एकही शब्द सांडला नाही. मी लहानपणापासून ते गाणं शंभरदा ऐकलं होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा लाज न वाटता ऐकलं. समोर सगळ्यांचे फोन वर. दोनशे पडद्यांवर माझी आई. संपल्यावर सूत्रसंचालक ओरडला, "धिस! धिस इज रूट्स!" मग आईच्या पाया पडला. कॅमेऱ्याकडे तोंड करून.

खाली उतरल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, "मला ओळखलं नसेल. अंधेरीच्या स्पर्धेत तुम्ही परीक्षक होता. मराठीत फ्लो येत नाही, भजन वाटतं, असं म्हणाला होता."

त्याचा चेहरा प्रामाणिकपणे गोंधळला. "मी? नाही गं यार. मी तर पहिल्यापासून मराठीसाठी भांडतोय."

खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. खोटं बोलायला आधी आठवावं लागतं.

तीन आठवड्यांनी लॅबमध्ये एका पेशंटच्या दंडाला मी पट्टा बांधत होते. तो दुसऱ्या हाताने फोनवर रील्स सरकवत होता. अचानक त्या फोनमधून माझी आई गायली. "तुझं पाणी, तुझं पाणी," खाली धम्म धम्म ठेका, परत "तुझं पाणी, तुझं पाणी," मग बाटलीचं झाकण उडाल्याचा फस्स आवाज, आणि एक मुलगी उन्हात मान मागे टाकून पिते आहे. आठ सेकंद. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच माझी सुई चुकली. पेशंट "आई गं" म्हणाला.

घरी जाऊन आईला दाखवलं. तिने तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "फुडचं कुठाय?"

"कापलं."

तिने फोन पालथा ठेवला. "म्हस काढली," ती म्हणाली. "कुत्रं काढलं. मानूस बी काढला. पानी तेवढं ठेवलं."

मी सुट्टी टाकून अंधेरीला त्या कार्यक्रमवाल्यांच्या ऑफिसात गेले. काचेची खोली. सूत्रसंचालक होता आणि जाहिरातवाली एक मुलगी होती, माझ्याशी फोनवर बोलली होती तीच.

"आँटी व्हायरल आहेत!" तो म्हणाला. "काँग्रॅट्स!"

मी त्यांना गाण्याचा अर्थ सांगितला. तळं म्हणजे कुठलं, म्हशीला मुभा आणि आमच्या माणसांच्या ओंजळीला बंदी का. मुलीने सगळं वहीत लिहून घेतलं, आणि त्यामुळे मला थोडी आशा वाटली. मग ती म्हणाली, "मॅम, हे इतकं पॉवरफुल आहे ना, आम्ही बिहाइंड द सीन्समध्ये वापरू शकतो."

"वापरू नका. काढा. ती जाहिरात काढा."

तिने टॅब उघडून, चित्रीकरण हवं तसं वापरायच्या परवानगीखाली आमच्या सह्या दाखवल्या. आईची सही पडद्यावर फार सुंदर दिसत होती.

सूत्रसंचालकाने मला समजावायचा प्रयत्न केला. "हे बघ, तू तर आपल्यातलीच आहेस. सॅम्पलिंग ही तर हिप-हॉपची परंपरा आहे ना? तुकडा उचलायचा, नवीन करायचं. तूच विचार कर."

मी विचार केला होता. संपूर्ण रस्ताभर तेच करत आले होते. "तिथे पोरं कंपनीच्या तबकड्यांमधून तुकडा उचलत होती," मी म्हटलं. "इथे कंपनी माझ्या आईतून तुकडा उचलतेय. ही परंपरा नाही, हे उलटं आहे."

"वाव," तो म्हणाला. "ही लाइन मी वापरू?"

मी उठले. आमच्या ओळखीच्या एका वकिलीणबाईंनी तो फॉर्म वाचून नकारार्थी मान हलवली. आठवड्याने घरी कंपनीचा एक क्रेट आला, सोबत "लव्ह यू आँटी" असं लिहिलेलं कार्ड आणि एक टोपी. आईने एक बाटली उघडून चव घेतली, थुंकली, आणि बाकीच्या संडासात ओतल्या. "फेस चांगला येतो," ती म्हणाली. क्रेटात ती आता कांदे ठेवते.

मग मी एक काम केलं, जे वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं. रविवारी दुपारी पंखा बंद केला, फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि आईचं अख्खं गाणं रेकॉर्ड केलं. सहाही कडवी, ढोलकीच्या जागी ओट्यावर माझी बोटं. इंटरनेटवर टाकलं. दोन दिवसांनी खाली पहिली प्रतिक्रिया आली, "ॲडचं गाणं चोरलं." दुसरी, "कव्हर ठीक आहे आँटी, पण ओरिजिनलची मजा नाही." तिसऱ्याने नुसतं हसून रडणारं तोंड टाकलं होतं.

मी ते आईला वाचून दाखवणार नव्हते, पण तिने चष्मा लावून स्वतःच वाचलं. चिडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "ह्येंना वरिजिनल म्हंजे काय ते तरी ठाऊक हाय का," आणि चहा टाकायला उठली. तिचा तुच्छतेचा स्वर माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचा आहे. मला अजून राग येतो. तिला तेवढासुद्धा वेळ त्या लोकांना द्यायचा नव्हता.

यानंतर मी पुन्हा रॅप करायला लागले, स्टेजवर गेले, असलं काही झालं नाही. कुणी तसं विचारलं तर मी सांगते, तसे सिनेमे निघतात, ते बघा. जाहिरात उन्हाळाभर चालली आणि पाऊस आल्यावर बंद झाली. कुणाला पश्चात्ताप होऊन नाही. पावसात थंड कोण पितं?

पण आमच्या त्या व्हिडिओखाली एक दिवस बोरिवलीच्या एका बाईने लिहिलं. तिची आजी असंच एक तळ्याचं गाणं म्हणायची, चाल वेगळी होती, दोनच कडवी तिला आठवत होती, आणि पुढची हवी होती. मी नंबर दिला. तिने फोनवर आजीची दोन कडवी म्हणून दाखवली. आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, आता ही कौतुक करणार.

"चाल चुकीची हाय," आई म्हणाली. "तुझ्या आजीची न्हाई, तुझी. तू ओढतीस लई. परत म्हन."

ती बाई परत म्हणाली. आईने परत थांबवलं. पाऊण तास तिने त्या परक्या बाईला फोनवर झापलं, एकेक ओळ दहा दहा वेळा म्हणवून घेतली, "त्वांड उघड, पानी न्हाई भरलंय तोंडात," असंही सुनावलं. शेवटी फोन ठेवला तेव्हा मी आईवर वैतागले. म्हटलं, कसली तोडून बोलतेस, ती बाई आता पुन्हा फोन करणार नाही.

पुढच्या रविवारी तिचा परत फोन आला. आईला नाही, मला. विचारत होती, "मावशींना वेळ असेल का हो? माझी नणंद पण शिकायचं म्हणते."